यादीत नसलेली गावे

१९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. वाडीला रस्ता नव्हता. मदतीला निघालेली माणसे भर पावसात डोंगर चढून गेली, यंत्रे वर नेता येईनात, ढगांमुळे हेलिकॉप्टर उडेना. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवून त्यांना मृत मानण्यात आले. दरड कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी विधानसभेत माहिती देण्यात आली होती की इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

ही माहिती खरी होती. मला जास्त अस्वस्थ केले ते ती ऐकल्यावर आपल्या सगळ्यांच्या मनात उठलेल्या प्रश्नाने. यादीत का नव्हती? पुढची यादी कधी होणार, तिच्यात आणखी किती गावे येणार? वर्तमानपत्रांनी हेच विचारले, आपणही हेच विचारले. यादी नावाची गोष्ट काय सांगू शकते आणि काय नाही, हे विचारायचे राहून गेले. आपत्तींचे विज्ञान आणि आपला जीव यांच्यामध्ये आज जी सर्वांत मोठी फट आहे ती मला इथेच दिसते. विज्ञान शक्यता सांगते. तिचे कागदावर उतरताना दोन रकाने होतात, धोक्याची गावे आणि बाकीची गावे, आणि बाकीची गावे निर्धास्त झोपतात.

तीस वर्षे मागे जाऊ. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या मिरवणुका उरकून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंपाची तीव्रता होती ६.२. भूकंपशास्त्राच्या मोजपट्टीवर हा ‘जोरदार’ या वर्गातला भूकंप. त्या वेळच्या देशाच्या भूकंपप्रवणता नकाशावर किल्लारी पहिल्या विभागात होती. पहिला विभाग म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा.

कोयनेची गोष्ट याहून जुनी आहे. १९६२ मध्ये धरणात पाणी साठू लागले आणि लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली, शंभर मीटर उंचीच्या काँक्रीटच्या धरणाला तडे गेले. तोपर्यंत दख्खनचे पठार म्हणजे अचल, स्थिर भूमी अशीच समजूत होती आणि नकाशाही तेच सांगत होता. भूकंपानंतर १९७० मध्ये नकाशा बदलला, कोयनेचा परिसर चौथ्या विभागात गेला. किल्लारीनंतर तो पुन्हा बदलला. २००२च्या आवृत्तीत पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्यात गेली. म्हणजे दोन्ही वेळा आधी भूकंप झाला आणि मग नकाशा सुधारला.

यात नकाशा काढणाऱ्यांचा हलगर्जीपणा शोधणे अन्यायाचे होईल. मराठवाड्यासारख्या जुन्या, स्थिर भूखंडाच्या पोटात एकाच भेगेवर दोन मोठे भूकंप होण्यात हजारो वर्षांचे अंतर असू शकते. आपल्याकडे उपकरणांच्या नोंदी आहेत शंभर-सव्वाशे वर्षांच्या. बखरी, ताम्रपट धरले तरी काही शतकांच्या. हजारो वर्षांच्या नाटकातला एक प्रवेश पाहून कथा सांगायची, असे हे काम आहे. त्यात जमिनीवर बसाल्टचे पांघरूण. भूकंपानंतर किल्लारीला विंधनविवर खणले गेले, तेव्हा ३३८ मीटर जाडीचे लाव्हाचे थर ओलांडल्यावर खालचा प्राचीन खडक लागला. त्या खडकातली जुनी भेग वर चालणाऱ्या शेतकऱ्याला दिसणार कशी, आणि भूगर्भतज्ज्ञाला तरी कशी? भूकंपाने जमिनीवर जो उंचवटा उठवला तो जेमतेम एक किलोमीटर लांबीचा होता. एवढ्याशा खुणेखाली केवढे बळ दडले होते, हे तिच्याकडे पाहून कोणालाही सांगता आले नसते.

मग हे शास्त्र कशाला, असे विचारणारे भेटतात. कोयनेच्या खोऱ्यात गोठणे येथे शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल विवर खणले, कराडजवळ त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. इतका खर्च करूनही उद्याचा भूकंप सांगता येत नाही, मग उपयोग काय? माझे मत याच्या अगदी उलट आहे. साठ वर्षे लोटली तरी कोयना-वारणा पट्ट्यात धक्के येतच आहेत आणि ते सगळे एका लहानशा टापूत येतात. धरणातले पाणी वर-खाली होताना खडकाच्या भेगांमधला दाब कसा बदलतो, भेग नेमकी कशी सरकते, हे इतक्या जवळून पाहण्याची संधी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. ती सोडणे हा करंटेपणा ठरला असता. पण या अभ्यासातून तारीख-वार मिळेल अशी आशा धरणे आणि तारीख मिळाली नाही म्हणून अभ्यासाला नावे ठेवणे, या दोन्ही चुका एकाच समजुतीतून होतात. भविष्य सांगणे हेच विज्ञानाचे काम आहे, ही ती समजूत.

खोटा दिलासा किती महाग पडतो याचे उदाहरण इटलीतल्या लाक्विला शहराने जगासमोर ठेवले. २००९च्या सुरुवातीच्या महिन्यांत तिथे लहान लहान धक्के येत होते. लोक घाबरले होते. त्या भागातली जुनी रीत अशी की धक्का जाणवला की घर सोडायचे आणि रात्र चौकात, मोकळ्यावर काढायची. मार्चच्या अखेरीस तज्ज्ञांची बैठक बोलावली गेली. लहान धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडत असल्याने परिस्थिती उलट अनुकूलच आहे, असे नागरी संरक्षण विभागाच्या एका अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर सांगितले. या म्हणण्याला शास्त्राचा आधार नव्हता. आठवडाभरात, ६ एप्रिलच्या पहाटे, ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञांना आणि त्या अधिकाऱ्याला सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा भूकंप सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकले, अशी ओरड जगभर झाली. पण खटला भाकिताचा नव्हता, दिलाशाचा होता. वरच्या न्यायालयाने शास्त्रज्ञांना निर्दोष सोडले आणि अधिकाऱ्याची शिक्षा कमी केली, पण कायम ठेवली. मला हा निवाडा न्याय्य वाटतो.

किल्लारीलाही आदल्या वर्षी, १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, धक्के जाणवले होते. भिंतींना तडे गेले, लोक धास्तावले, मग धक्के कमी झाले आणि गाव पुन्हा कामाला लागले. हे धक्के पूर्वसूचना होते, असे आज म्हणणे सोपे आहे. लहान धक्क्यांची अशी बहुतेक सत्रे मोठा भूकंप न होताच विरून जातात. कोणते सत्र मोठ्याकडे नेणार, हे मोठा होऊन गेल्यावरच कळते. तेव्हा १९९२ मध्ये कोणी तारीख सांगायला हवी होती, असे मी म्हणणार नाही. मला खंत आहे ती वेगळ्या गोष्टीची. धक्क्यांनी तडे गेलेल्या त्या भिंती कशा होत्या, हे गावात येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते आणि भिंत वाचायला भाकीत लागत नाही.

त्या भिंती अडीच-तीन फूट जाडीच्या होत्या, काही त्याहूनही जाड. उन्हाळ्यात गारवा राहावा आणि चोराला भोक पाडता येऊ नये म्हणून रचलेल्या. बाहेरून पाहिले तर ती एक भक्कम भिंत. प्रत्यक्षात ती दोन भिंतींची जोडी होती. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये गोटे आणि माती भरलेली. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा, या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार जाणारा लांब दगड कुठे नव्हताच, किंवा असला तर अगदी क्वचित. वर माळवद, म्हणजे लाकडाच्या पाटणीवर अंथरलेला मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला त्याच्यावर आणखी माती पडायची, जुनी कोणी काढायचे नाही. काही पिढ्यांत तो थर दीड-दोन फुटांचा झाला. जमीन हलते तेव्हा घरावर येणारे बळ घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. घर जितके जड, तितका हिसका मोठा. हिसक्याने भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, मधले गोटे पाचरीसारखे खाली बसले, भिंत फुगली, बाहेरचा पदर गल्लीत पडला आणि आतला झोपलेल्या माणसांवर. त्यावर माळवदाची माती.

पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आणि ती मला सर्वांत बोलकी वाटते. भिंती जमीनदोस्त झालेल्या कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता. म्हणजे घर वाचवू शकणारी गोष्ट त्याच घरात होती. छताचे ओझे हलके असते आणि भिंत पदरांतून न फुटती, तर त्याच गावात, त्याच धक्क्यात, त्याच अज्ञानातही शेकडो माणसे सकाळी उठून अंगणात आली असती. त्यासाठी किल्लारी पहिल्या विभागात आहे की तिसऱ्या, हे माहीत असण्याची गरज नव्हती.

लोकांनी मात्र निष्कर्ष काढला की दगड-मातीचे घर म्हणजे मरण आणि सिमेंटचे घर म्हणजे जीवदान. भीती समजण्यासारखी आहे. ज्याने आईबापांना मातीखालून उकरून काढले त्याला पुन्हा त्या भिंतींआड झोप कशी लागावी? पण निष्कर्ष चुकीचा आहे. २६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा दोनशे किलोमीटरहून अधिक दूर अहमदाबादेत सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती पडल्या. खाली गाड्यांसाठी मोकळे खांब, वर भिंतींनी भरलेले मजले, अशी त्यांतल्या अनेकांची रचना होती. सळईची बांधणी, खांब-तुळईचा जोड, काँक्रीट मुरू देण्याचे दिवस, यांत खोट असली की सिमेंटही मारते. जीव वाचतो तो जोड पक्का असल्याने, मग साहित्य कोणतेही असो.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीने झालेले पुनर्वसन देशातल्या मोठ्या प्रयत्नांपैकी होते. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, हे बहुतेकांना आठवते. त्याच कार्यक्रमात तेरा जिल्ह्यांतली सुमारे दोन लाख घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती, हे फार थोड्यांना आठवते. माझ्या मते विज्ञानाच्या दृष्टीने या दुसऱ्या कामाचे मोल अधिक. जुनी भिंत न पाडता तिच्यात ठराविक अंतरावर आरपार भोक पाडायचे, त्यात आकडा वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन पदर एकमेकांना बांधले जातात. माळवदाची माती उतरवून थर पातळ करायचा. दारा-खिडक्यांच्या वरून घराभोवती पट्टा बांधायचा. गावचा गवंडी आठवडाभरात शिकेल असे हे तंत्र. गावागावांत महिला मंडळातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले गेले. त्यांनी घराघरांत जाऊन हे समजावले, कामावर लक्ष ठेवले. तरीही अनेकांनी मिळालेल्या पैशातून जुनी भिंत बांधून घेण्याऐवजी शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली काढली. नवी खोली दिसते, शेजाऱ्याला दाखवता येते. भिंतीच्या पोटातली सळई दिसत नाही.

दरडींकडे वळताना एक फरक आधी सांगायला हवा. भूकंप सांगून येत नाही. दरड बरेचदा सांगून येते, फक्त ती कोणाला सांगते हा प्रश्न आहे. सह्याद्रीच्या उतारावर कठीण बसाल्टवर झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर बसलेला असतो. कोरडा असताना तो स्वतःच्या घर्षणाने टिकून राहतो. दिवसेंदिवस पाऊस मुरत गेला की मातीच्या कणांमधले पाणी दाबाखाली येते, कणांना एकमेकांपासून उचलते, घर्षण घटते आणि एका क्षणी सगळा थर सुटतो. एका दिवसाच्या मुसळधारेपेक्षा मागच्या तीन-चार दिवसांची बेरीज इथे जास्त महत्त्वाची. इर्शाळवाडीच्या परिसरात त्या तीन दिवसांत ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. माळीण ३० जुलै २०१४च्या सकाळी गेली, १५१ माणसे घेऊन. एसटीचा चालक नेहमीच्या रस्त्याने आला आणि गाव जागेवर नाही हे त्याने पाहिले, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. उतारावर यंत्रांनी केलेल्या पडकईमुळे, म्हणजे भातखाचरांसाठी केलेल्या सपाटीकरणामुळे, डोंगर ढिला झाला का, यावर नंतर पुष्कळ वाद झाले. महाडजवळचे तळीये २२ जुलै २०२१ला गेले. त्याच पावसात महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटरची नोंद झाली.

पाऊस मोजणारी यंत्रे आपण वाढवली आहेत. महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्र आहे. पण एका मंडळात कितीतरी गावे आणि प्रत्येक गावाच्या वाड्या. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. सपाट मुंबईत ही तऱ्हा, तर घाटमाथ्याच्या वळचणीला काय असेल? त्यात इशारा निघतो तो जिल्ह्याचा. ‘रायगडला ऑरेंज अलर्ट’ हे शब्द समुद्रकाठच्या कोळ्याने ऐकायचे आणि कड्याखालच्या ठाकरानेही. पावसाळ्यात असे इशारे वारंवार येतात. त्यातल्या कोणत्या रात्री वाडी सोडायची, हे त्या रंगावरून कळत नाही.

इथे कोणी ओडिशाचे उदाहरण देईल आणि ते द्यायलाच हवे. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, २०१३च्या ‘फायलिन’ वादळात काही डझन. निवारे, रस्ते, स्वयंसेवक, घरोघर पोचणारी हाक, हे सगळे त्या चौदा वर्षांत उभे राहिले. फक्त वादळ उपग्रहाला चार दिवस आधी दिसते आणि दरड दिसत नाही. म्हणून ओडिशाची रीत जशीच्या तशी सह्याद्रीत आणून चालणार नाही. तिथला निर्धार मात्र आणता येईल.

दरडीच्या आधी डोंगर ज्या खुणा दाखवतो त्या उपग्रहापेक्षा गुराख्याला आधी दिसतात. वाडीच्या वर जमिनीला गेलेली भेग. एका बाजूला कललेली झाडे. नितळ झरा एकाएकी गढूळ होणे, किंवा भर पावसात आटणे. दार चौकटीत अडकू लागणे, जोत्याला तडा जाणे. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात हीच लक्षणे दिलेली आहेत. ती पाहणारा माणूस वाडीत आहे आणि त्यांचा अर्थ लावणारा शहरात. दोघांना जोडणारी वाट नाही. पाहणाऱ्याने सांगायचे कोणाला? तलाठ्याकडे अर्ज गेला तर त्याची पोच मिळेल, पण त्या भेगेपाशी कोणी यायचे बंधन कोणावर नाही. यादीत गाव नसेल तर भेग पाहायला येण्याचे कारणच उरत नाही. यादीचे सर्वांत मोठे नुकसान मला हे वाटते. ती पाहणाऱ्याचा आवाज आधीच बंद करते.

याद्या नकोत, असे मला म्हणायचे नाही. पैसा अपुरा, तज्ज्ञ मोजके, डोंगर शेकडो मैलांचा. सुरुवात कुठून करायची हे ठरवायला क्रम लागतोच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग जे नकाशे करतो ते अधिक बारीक व्हावेत, दर काही वर्षांनी नव्याने व्हावेत, आणि मराठीत, गावच्या चावडीवर वाचता येतील असे व्हावेत. पण यादीचा उपयोग खर्चाचा क्रम लावण्यापुरता. ज्यांचे नाव तिच्यात नाही त्यांना ती अभय देत नाही, हे यादीच्याच कागदावर छापले पाहिजे. आणि यादीबाहेरच्या कोणत्याही वाडीने भेग दिसल्याचे कळवले तर ठराविक तासांत जाणकार माणूस तिथे पोचला पाहिजे, हा नियम झाला पाहिजे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत भूगोल-भूगर्भशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आहेत, शिकणारी मुले आहेत. त्यांना या कामाचे शिक्षण द्यावे, मानधन द्यावे आणि हे त्यांच्या अभ्यासक्रमातच धरावे. कड्याखाली उभे राहून भेगेची रुंदी मोजणारा विद्यार्थी जे शिकेल ते वर्गात शिकवून होणार नाही. वाडीत एक साधे पर्जन्यमापक आणि वही ठेवली तर तीन दिवसांची बेरीज वाडीतली शाळकरी मुलगीही करू शकते. ती बेरीज किती झाली की शाळेत किंवा खालच्या गावात झोपायला जायचे, हा आकडा तज्ज्ञांनी त्या उतारासाठी ठरवून द्यावा. तो सावध असेल. कधी कधी लोक उगाच खाली जातील आणि दरड येणार नाही. त्या रात्रींची मजुरी बुडते, गुरे वर राहतात, म्हातारी माणसे कुरकुरतात. हा खर्च शासनाने उचलावा. वाया गेलेल्या इशाऱ्याची किंमत गरिबाच्या खिशातून वसूल केली तर चौथ्या वेळी तो वाडी सोडणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

महाराष्ट्रात ग्रामसभेचे दिवस ठरलेले आहेत. त्यांतला एक १ मे. त्यानंतर साधारण पाच आठवड्यांनी मृग लागतो. घाटातल्या गावांनी त्या सभेच्या आधीच्या आठवड्यात शिवारफेरी निघते तशी डोंगरफेरी काढावी. वर चढून भेगा, झरे, कललेली झाडे पाहावीत, आदल्या वर्षीच्या नोंदीशी ताडून सभेच्या वहीत लिहावे आणि त्या पानाची प्रत तहसीलला द्यावी. दुसरा दिवस २ ऑक्टोबर, किल्लारीच्या पहाटेनंतर दोन दिवसांनी येणारा. मराठवाड्यात अजून दगड-मातीच्या किती भिंती उभ्या आहेत, त्यांतल्या कितींत आरपार दगड किंवा सळई आहे, कोणत्या माळवदावर किती माती चढली आहे, हे त्या सभेत गवंड्याने उभे राहून सांगावे. १९९४ नंतर हे तंत्र शिकलेले गवंडी आता साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या हाताखाली पुढची पोरे अजून तयार व्हायची आहेत.